ग्रंथींचा धडा आणि थायरॉइडचा रिपोर्ट: या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांत ग्रंथींचा प्रश्न आला की लाल पेन जरा जास्तच चालतं. वाईट याचं वाटतं की तेच गोंधळ मोठेपणीही तसेच राहतात. परीक्षेत त्यांच्यापायी दोन गुण जातात. घरी रक्ताचा रिपोर्ट हातात आल्यावर मात्र चालू गोळी बंद केली जाते, नाहीतर भलतीच काळजी लागते.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. ग्रंथीचं नाव आणि स्रावाचं नाव अशी जोडी पाठ केली जाते. पण तो स्राव कोणत्या पेशीत तयार होतो, कुठल्या वाटेने निघतो आणि कुठे जाऊन काम करतो, हे कोणी बघत नाही. ही वाट एकदा डोळ्यांसमोर आली की प्रकार वेगळे घोकावे लागत नाहीत.

नलिकेवरून होणारी फसगत

"बहिःस्रावी ग्रंथी म्हणजे शरीराबाहेर स्राव सोडणारी" असं सर्रास लिहिलं जातं. घाम आणि दूध यांना ते लागू पडतं, पण लाळ, जठररस आणि पित्ताचं काय? खरा मुद्दा असा की बहिःस्रावी ग्रंथी आपला स्राव एखाद्या पृष्ठभागावर सोडते, मग ती त्वचा असो की आतड्याचं अस्तर. तिथवर जायला तिला बहुधा नलिका असते. अंतःस्रावी ग्रंथीला नलिका नसते. तिच्या पेशींना केशवाहिन्यांचं दाट जाळं बिलगलेलं असतं आणि संप्रेरक म्हणजे हार्मोन थेट रक्तात उतरतं. यातला 'बहुधा' विसरू नका. आतड्याच्या अस्तरातली चषक पेशी ही एकाच पेशीची ग्रंथी आहे. तिला नलिका नाही, तरी ती श्लेष्मा पृष्ठभागावरच सोडते, म्हणून ती बहिःस्रावीच.

गर्भात या दोन्ही प्रकारांची सुरुवात सारखीच होते. अस्तराच्या पेशी वाढून आत उतरतात. पृष्ठभागाशी जोड टिकला तर त्याचीच नलिका होते, तुटला तर ग्रंथी अंतःस्रावी होते. अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळाशी सुरू होते, मानेत खाली उतरते, आणि मागे राहिलेली नळी विरून जाते. जिभेच्या मागच्या भागावर एक छोटा खळगा तेवढा उरतो. ज्यांच्यात ही नळी पुरती विरत नाही, त्यांच्या मानेत मधोमध गाठ येऊ शकते. जीभ बाहेर काढायला सांगितली की ती गाठ वर सरकते, आणि डॉक्टर तिला तेवढ्यावरून ओळखू लागतात.

स्वादुपिंड एका रकान्यात मावत नाही

"स्वादुपिंड: अंतःस्रावी, इन्सुलिन" एवढं लिहून पुष्कळ जण थांबतात. प्रत्यक्षात स्वादुपिंडाचा बहुतेक सगळा भाग बहिःस्रावी आहे. पेशींच्या गुच्छांत पाचकरस तयार होतो आणि नलिकेने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जातो. दिवसाला हा रस लिटरभराहून अधिक असतो. गुच्छांच्या मधेमधे लँगरहॅन्सची द्वीपके म्हणजे संप्रेरक देणाऱ्या पेशींचे छोटे पुंजके विखुरलेले असतात, वजनाने जेमतेम एक-दोन टक्के. पॉल लँगरहॅन्स यांनी 1869 मध्ये विद्यार्थी असतानाच त्यांचं वर्णन केलं, पण ती काय करतात हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

रचनेतला हा फरक ओळखल्यामुळेच पुढे इन्सुलिन हाती आलं. मधुमेहावर स्वादुपिंडाचा अर्क देण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं फसत होते. कॅनडातले शल्यचिकित्सक फ्रेडरिक बँटिंग यांना 1920 मध्ये वाटलं की पाचकरसच आतलं संप्रेरक नष्ट करत असावा. नलिका बांधून टाकली तर रस तयार करणाऱ्या पेशी झिजतील, पण द्वीपकांचा नलिकेशी संबंधच नाही, तेव्हा ती शाबूत राहतील. 1921 च्या उन्हाळ्यात टोरंटोमध्ये त्यांनी आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर हे करून पाहिलं. पुढे नलिका न बांधताही अर्क काढता येतो हे कळलं, जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला, आणि जानेवारी 1922 मध्ये 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन मिळालं. उत्तर लिहिताना 'मिश्र ग्रंथी' हा शब्द, दोन्ही वाटा आणि द्वीपकांतल्या अल्फा व बीटा पेशींचा निदान उल्लेख हवाच. बीटा पेशींच्या इन्सुलिनने रक्तातली साखर उतरते, अल्फा पेशींच्या ग्लुकॅगॉनने चढते.

यकृताबद्दलची चूक छोटी पण चिवट आहे: पित्त पित्ताशयात तयार होतं असं लिहिणं. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय ते साठवून दाट करतं. म्हणून खड्यांमुळे पित्ताशय काढलेल्या माणसालाही पित्त मिळत राहतं, ते यकृतातून सरळ आतड्यात झिरपतं. पित्तात विकरं (एन्झाइम) नसतात, हेही लक्षात असू द्या.

गालगुंड, गलगंड आणि अवधाण

हे तिघे एकमेकांच्या जागी लिहिले जातात. गालगुंड म्हणजे कानाखालच्या लाळग्रंथींना विषाणूमुळे आलेली सूज. गलगंड म्हणजे मानेत पुढे वाढलेली अवटू ग्रंथी. आयोडिनचा तुटवडा हे त्याचं जुनं कारण, पण एकमेव नव्हे. सैंधव मीठ आरोग्याला चांगलं म्हणून घरात फक्त तेच वापरत असाल तर पाकिटावर 'आयोडिनयुक्त' लिहिलंय का ते बघा. मोठ्या माणसाला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडिन लागतं आणि आपल्याकडे त्याचा मोठा आधार मीठच आहे. पायाला जखम झाल्यावर जांघेत येतं ते अवधाण, तिथे सुजते ती लसीका (लिम्फ) गाठ. "ग्रंथी सुजल्या" असं आपण म्हणतो खरं, पण लसीका गाठ कुठलाही रस स्रवत नाही. ती लसीका गाळते आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशींना तिथे जागा देते. ग्रंथींच्या यादीत तिला घालू नका.

"टीएसएच वाढलाय, म्हणजे थायरॉइड वाढलाय"

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

समजा, रिपोर्टवर टीएसएच 12 म्हणजे वरच्या मर्यादेच्या पुढे आहे, आणि फ्री टी4, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक थायरॉक्सिन, खालच्या मर्यादेच्याही खाली आहे. घरात चर्चा सुरू होते की थायरॉइड फार वाढलंय. पण टीएसएच थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून येतो आणि थायरॉइडला काम करायला सांगतो. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की पीयूषिका टीएसएच वाढवते, पुरेसं झालं की कमी करते. म्हणजे चढलेला टीएसएच बहुतेक वेळा थायरॉइड मंदावल्याची खूण असतो. थायरॉइड जास्त काम करू लागलं तर टीएसएच तळाला जातो. क्वचित पीयूषिकेतच बिघाड असतो, तेव्हा हे गणित बदलतं, म्हणून डॉक्टर टी4 सोबत बघतात.

यातूनच दुसरी चूक होते. "रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?" गोळीत थायरॉक्सिनच आहे, ग्रंथीतून जे कमी पडतं ते बाहेरून देतो आहोत. रिपोर्ट नॉर्मल आलाय तो गोळीमुळे. थायरॉक्सिन रक्तात अर्धं व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे गोळी सोडल्यावर काही दिवस काहीच जाणवत नाही आणि गैरसमज पक्का होतो. डोस बदलल्यावर तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात तीही याचमुळे. पंधरा दिवसांत केलेली टीएसएच चाचणी पैसे वाया घालवते.

तिसरी चूक रोजची, सकाळची: आधी चहा, मग गोळी. ही गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिला आतड्यात अडवतात, त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. गरोदर मुलीला "आता जास्त औषधं नकोत" म्हणून घरची माणसं ही गोळी बंद करायला सांगतात, ते तर मुळीच करू नका. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतं. दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना गाठा, डोस अनेकदा वाढवावा लागतो.

विद्यार्थ्यांसाठी इथेच एक सूचना. पीयूषिकेच्या मागच्या भागातून येणारी एडीएच आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरकं तिथे 'तयार होतात' असं लिहू नका. ती मेंदूतल्या अधश्चेतकात (हायपोथॅलॅमस) तयार होतात आणि चेतापेशींच्या लांब तंतूंतून खाली येतात. मागचा भाग त्यांना साठवतो आणि वेळ आली की सोडतो.

शेजारी राहतात म्हणून एक समजू नका

परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या असतात, साधारणपणे चार, प्रत्येकी काही मिलिमीटरच्या. त्यांचं काम मात्र अगदी वेगळं. त्यांचं संप्रेरक रक्तातलं कॅल्शियम वाढवतं, तर थायरॉइडचं कॅल्सिटोनिन ते उतरवतं. रिचर्ड ओवेन यांना 1850 च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका भारतीय गेंड्याच्या विच्छेदनात ही ग्रंथी दिसली होती. माणसातलं तिचं नीट वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी 1880 मध्ये केलं. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या किंवा हाताची बोटं आखडू लागली तर ते अशक्तपणावर ढकलू नका. परावटूंना धक्का लागून कॅल्शियम उतरलेलं असू शकतं, लगेच कळवा.

मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीत तर एकाच वेष्टनात दोन ग्रंथी आहेत. आतला भाग चेतासंस्थेच्याच पेशींपासून बनलेला, तो अॅड्रेनॅलिन देतो. बाहेरचा भाग तीन थरांचा, त्यातून कॉर्टिसॉलसारखी स्टिरॉइड संप्रेरकं येतात. आकृतीत दोन्ही भाग वेगळे दाखवा.

दमा, सांधेदुखी किंवा त्वचाविकारावर काही आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या चालल्या की पीयूषिका एसीटीएच, म्हणजे अधिवृक्काला काम करायला सांगणारं संप्रेरक, कमी करते आणि अधिवृक्काचा बाहेरचा भाग आळसावतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम थांबवल्या तर शरीराकडे स्वतःचं कॉर्टिसॉल नसतं. मग कमालीचा थकवा, उलट्या, रक्तदाब उतरणं असं होऊ शकतं, प्रसंगी जिवावर बेततं. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात तो ग्रंथीला पुन्हा जागं व्हायला वेळ मिळावा म्हणून. अशा गोळ्या चालू असताना, किंवा नुकत्याच थांबल्या असताना, ऑपरेशन ठरलं किंवा मोठं आजारपण आलं, तर समोरच्या डॉक्टरांना ही गोष्ट सगळ्यात आधी सांगा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.