राजारामपुरीच्या पलीकडचं कोल्हापूर

मी उदगीरची. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला आले तेव्हा पहिलं अख्खं सत्र हॉस्टेल, डिपार्टमेंट, सायबर चौकातला चहा आणि फार तर राजारामपुरीच्या गल्ल्या यातच संपलं. दिवाळीला आत्यानं विचारलं, "कोल्हापूर कसं हाय गं?" तर मी अर्धा तास मेसच्या आमटीबद्दलच बोलले! तुमचंही असंच चाललं असेल तर ऐका.

पेठांत, म्हणजे जुन्या गावात जायचं तर फिरायला म्हणून जाऊ नका. तसं गेलं तर अंबाबाई, रंकाळा, भेळ, फोटो, की सातच्या आत परत. एखादं काम काढून जा. माझं काम चपलेनं काढलं. तिचा अंगठा तुटला म्हणून चप्पल लाइनीत गेले आणि पायाला सैल बसणारा जोड उचलला. दुकानातल्या काकांनी तो काढून घेतला. "ताई, घट्टच घ्या. कातडं पसरतंय." चार दिवस फोड आले, काकांना मनात भरपूर शिव्या घातल्या, पाचव्या दिवशी चप्पल पायाची झाली. नवीन जोडाला तेल पाजा, आणि पावसात घालू नका.

त्याच काकांनी गंगावेशीत दूध प्यायला पाठवलं. संध्याकाळी तिथं रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात. धार थेट ग्लासात. हातात येतो तेव्हा ग्लास कोमट असतो, आणि वर निम्मा फेस. तो बसायची वाट बघत मी उभी, तर शेजारचे आजोबा म्हणाले, "पोरी, फेसासकट प्यायचं असतंय." मी प्याले, ओठावर पांढरी मिशी आली, आजोबा हसले आणि तिथून "कुठलं गाव?" सुरू झालं. न तापवलेलं दूध सोसत नसेल तर नुसतं बघा, गप्पा फुकटच असतात.

फुटबॉलचा हंगाम असेल तर शाहू स्टेडियम. पेठांतल्या तालमींचे संघ खेळतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं आधी कानावरून घाला. बसण्याआधी शेजारचे कुणाच्या बाजूचे आहेत ते बघा. आम्ही दोघी मैत्रिणींनी चुकीच्या घोळक्यात बसून गोलला टाळ्या वाजवल्या. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी एकदम वळून बघितलं.

टाउन हॉलचं म्युझियम सोमवार सोडून कधीही. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझचा, वीतभरही नाही. पंचगंगेकाठी हा कसा आला, याचा विचार करत मी बराच वेळ तिथंच उभी होते.

परतीची केएमटी, म्हणजे शहरातली बस, किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं. शेवटची बस चुकली आणि दसरा चौकापर्यंत चालत आले. तिथं बोर्डिंगांच्या इमारती दिसल्या. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग इतर समाजांचीही निघाली. तेव्हाची खेड्यातली पोरं अशी भर गावात राहायची. आम्ही माळावर. रिक्षावाल्यानं विद्यापीठाचं नाव ऐकलं आणि म्हणाला, "लई लांब हाय की ओ."