कॅम्पचं ध्येय आणि विश्वास कसा लिहायचा: टाइमटेबल शेजारी ठेवून लिहा

दरवर्षी मार्च-एप्रिलमधे कुठल्या ना कुठल्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघाचा फोन येतोच, ताई पांचगणीला हॉल मिळालाय, वक्ते ठरले, बस ठरली, पोस्टर पण झालं, फक्त 'आमचं ध्येय' आणि 'आमचा विश्वास' हे दोन परिच्छेद राहिलेत तेवढे उद्यापर्यंत लिहून द्या ना. मी लिहून देत नाही. हे दोन परिच्छेद कमिटीने एकत्र बसून लिहायचे असतात आणि तेही सगळ्यात आधी, कारण वक्ता कोण बोलवायचा, किती पोरं न्यायची, फी किती ठेवायची, शेवटच्या रात्री काय करायचं हे सगळं त्यातनंच निघतं. पण कसं लिहायचं ते मात्र सांगते, बरीच वर्षं हेच काम करतेय म्हणून.

आधी एक प्रसंग सांगते. चार वर्षांपूर्वी बस सुटायच्या आधी एका मुलीच्या आईने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, ताई, पाच दिवस तिथं नक्की काय करणार तुम्ही हिच्यासोबत? माझ्या हातात आमचं छापील पत्रक होतं, त्यावर आध्यात्मिक वाढ, सर्वांगीण विकास, नेतृत्वगुण असं सगळं होतं आणि त्यातलं एकही वाक्य मला त्या माऊलीला वाचून दाखवता येईना. ती साधी बाई, धुणीभांडी करून पोरीची फी भरलेली, तिला खरं उत्तर हवं होतं. तेव्हापासून आमच्या कमिटीत नियम केलाय की कॅम्पच्या कागदावरचं प्रत्येक वाक्य बसच्या दाराशी उभ्या आईला तोंडाने सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर ते खोडायचं.

आता पहिलं काम, ध्येय. ध्येय म्हणजे कोण येणार, कशासाठी येणार आणि घरी जाताना त्याच्यात काय व्हावं अशी आपली प्रार्थना आहे, एवढंच. एका वाक्यात बसवा, फार तर दोन. मोठमोठ्या चळवळींची ध्येयं बघा, किती लहान आहेत. इंग्लंडमधे केझिकला १८७५ साली तंबू ठोकून अधिवेशन सुरू झालं, तिथं वेगवेगळ्या चर्चचे लोक यायचे आणि त्यांचं ब्रीद बायबलमधल्या गलती ३:२८ मधून घेतलेलं, ख्रिस्त येशूमधे सगळे एक. बास. आजही केझिक म्हटलं की तेच वाक्य आठवतं.

ध्येय लिहिताना आम्ही बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडून बसतो आणि तुम्हीही बसा असं मी सांगेन. प्रभु शिष्यांना म्हणतो, एकांतात चला, थोडा विसावा घ्या, कारण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही वेळ मिळत नव्हता. रिट्रीटचं, म्हणजे प्रार्थनेसाठी बाजूला जाऊन राहण्याचं, मूळ इथं आहे. पण पुढं वाचा, ते नावेतनं तिथं पोचतात तर लोक आधीच येऊन थांबलेले, प्रभुला त्यांचा कळवळा येतो आणि त्याच दिवशी त्याच दमलेल्या शिष्यांच्या हातात भाकरी देऊन पाच हजारांना वाढायला लावतो. म्हणजे विसावा आणि सेवा एकाच अध्यायात आहेत. म्हणून ज्या कॅम्पच्या ध्येयात नुसताच विसावा आहे तो पिकनिक होतो आणि ज्यात नुसतीच सेवा नि सेशन आहेत तिथं पोरं तिसऱ्या दिवशी डुलक्या घेतात, हे मी डोळ्याने बघितलंय.

आमचं सध्याचं ध्येय असं आहे: 'तेरा ते एकोणीस वर्षांच्या मराठी बोलणाऱ्या मुलामुलींनी पाच दिवस घरच्या धावपळीतनं बाजूला येऊन प्रभु येशूला स्वतः ओळखावं, एकमेकांची सेवा करावी आणि आपापल्या मंडळीत परत जाऊन तिथंच रुजावं.' शेवटचा भाग मुद्दाम घातलाय. पोरांना कॅम्प आवडतो आणि रविवारची उपासना कंटाळवाणी वाटते असं झालं तर आपण मंडळीचं नुकसान केलं. 'मराठी बोलणाऱ्या' हे पण मुद्दाम, कारण गावाकडची पोरं इंग्रजी गाणी चालू झाली की मागच्या रांगेत जाऊन गप्प बसतात. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि १९१९ मधे ते गेले, तेवढ्या पंचवीसेक वर्षांत त्यांनी येशूला अभंगाच्या चालीत बसवून ठेवलं, ते आपल्या पोरांना पेटी नि टाळावर म्हणता आलंच पाहिजे. गिटारही असू दे, माझं काही म्हणणं नाही.

दुसरं काम, विश्वास. इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. परदेशातल्या कुठल्यातरी कॅम्पचं पान उघडून मोबाईलवर भाषांतर मारलेलं मी अनेकदा बघितलंय, त्यात मराठी अशी असते की पाळकसाहेबांनाही कळत नाही. तुमच्याकडे आधीच प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची जुनी कबुली, आहे, दर रविवारी उभं राहून म्हणता, तिथनं सुरुवात करा. सगळ्या चर्चला मान्य असलेलं आणखी काही हवं असेल तर निकायाचा विश्वासांगीकार आहे, ३२५ च्या परिषदेतला आणि ३८१ मधे वाढवलेला. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, वधस्तंभ, पुनरुत्थान, पापांची क्षमा, सार्वकालिक जीवन, हा कणा. त्याला पवित्र शास्त्राबद्दल एक वाक्य आणि मंडळीबद्दल एक वाक्य जोडलं की पुष्कळ झालं. सुवार्ता सांगणं आणि गरिबांसाठी न्याय यातलं कुठलं आधी यावरून कमिटीत वाद पेटला तर १९७४ चा लोझानचा करार काढून वाचा, जगभरच्या सुवार्तिक ख्रिस्ती पुढाऱ्यांनी मिळून केलेला, इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्यात दोन्ही आपलं कर्तव्य म्हणून सांगितलंय. आमच्याकडचा एक मोठा वाद त्याने मिटला.

मग जिथं मंडळ्यांचं एकमेकांशी जमत नाही ते विषय. बाप्तिस्मा लहानपणी की समजत्या वयात, प्रार्थनेत आत्म्याने अन्य भाषा बोलणं, प्रभुभोजन कोणी द्यायचं. तीन-चार मंडळ्या मिळून कॅम्प करत असाल तर हे विषय लपवून ठेवू नका, सरळ लिहा की यावर आमच्यात वेगवेगळी मतं आहेत, कॅम्पमधे त्यावर शिकवलं जाणार नाही, मुलांनी आपापल्या पाळकांना विचारावं. यात कमीपणा काही नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती एका छपराखाली ठेवल्या गेल्याच ना. आपला तर पाच दिवसांचा कॅम्प.

कागद तयार झाला की कमिटीला वाचून दाखवू नका, एखाद्या तेरा वर्षांच्या पोरीला दाखवा. आम्ही 'विश्वासाने नीतिमान ठरवले जाणे' लिहिलं होतं, तिने विचारलं, ठरवले जाणे म्हणजे कोण ठरवतं? आम्ही पाच मोठी माणसं एकमेकांकडे बघत बसलो. मग लिहिलं, 'आपण चांगले वागलो म्हणून देव आपल्याला जवळ करत नाही, येशूने आपल्यासाठी जीव दिला म्हणून जवळ करतो, आणि हे आपण नुसतं विश्वासाने घ्यायचं असतं.' लांबलं, पण तिला कळलं.

आता खरं काम, आणि यासाठीच एवढं लिहायला बसले. एका मोठ्या कागदावर मधोमध रेघ मारा, डावीकडे विश्वासाची वाक्यं लिहा, उजवीकडे कॅम्पचं टाइमटेबल, आणि प्रत्येक वाक्यापासनं त्या दिवसातल्या एका वेळेला रेघ जोडा. ज्या वाक्याला रेघ जोडता येत नाही ते आपण कॅम्पमधे मानतच नाही असं समजा, मग एकतर टाइमटेबल बदला नाहीतर ते वाक्य काढा.

हे मी सातताल आश्रमाकडनं शिकले. नैनितालजवळ, भीमतालच्या बाजूला. ई. स्टॅन्ली जोन्स हे मेथडिस्ट मिशनरी १९०७ मधे भारतात आले आणि १९३० साली त्यांनी हा आश्रम सुरू केला. तिथं पदव्या बाजूला ठेवायच्या, डॉक्टर नाही, बिशप नाही, सगळे भाऊ नि बहीण. पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने मोकळेपणी सांगायचं की मी इथं का आलो आणि मला कशाची गरज आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आठवड्यातनं एक दिवस नोकरांना सुट्टी, संडास साफ करणाऱ्यालासुद्धा, आणि त्या दिवशी ती कामं आश्रमात आलेल्यांनी स्वतः करायची. १९३० चं साल, जातीचा काळ, विचार करा. ख्रिस्तात सगळे एक हे त्यांनी झाडू हातात घेऊन मांडलं.

आम्ही हा कागद पहिल्यांदा केला तेव्हा डावीकडे ठळक अक्षरात होतं, 'देवाच्या दृष्टीत सगळे समान.' उजवीकडे रेघ जोडायला काहीच सापडेना. उलट खोल्या मंडळीप्रमाणे वाटलेल्या, म्हणजे शहरातली पोरं एकीकडे, गावाकडची एकीकडे, लीडर लोकांचं जेवण वेगळ्या टेबलावर आणि संडास साफ करायला गावातनं एक बाई यायची. आपल्या मंडळ्यांतही आडनाव विचारून पुढचं ओळखायची सवय गेलेली नाही, हे आपण मान्य केलं पाहिजे. त्या वर्षापासनं खोल्या चिठ्ठ्या टाकून, जेवण एका पंगतीत, आणि पहिल्या दिवशी संडास लीडर धुणार, मुलं दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या सकाळी आमचे पाळकसाहेब पँट दुमडून, हातात ब्रश घेऊन उकिडवे बसलेले, धुक्याने खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि चार पोरं दारात टूथब्रश धरून गप्प उभी होती. त्या दिवशी योहान तेरावर, जिथं प्रभु शिष्यांचे पाय धुतो, वेगळं सेशन घ्यावं लागलं नाही.

बाकीच्या रेघा थोडक्यात. प्रार्थनेवर विश्वास आहे म्हणता तर सकाळी अर्धा तास शांत वेळ हवी, मोबाईल जमा, लीडरसुद्धा गप्प. शांततेची भीती वाटत असेल तर कॅथलिक भावंडांकडे बघा, संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेला १५४८ मधे पोपची मान्यता मिळाली, ती पूर्ण करायची तर साधारण तीस दिवस मौन असतं, आपल्याला तीस मिनिटं जमतील. कृपेवर विश्वास आहे तर फी बंद पाकिटात घ्या आणि पत्रकावर लिहा की जमेल तेवढं घाला, कोणी किती दिले ते फक्त खजिनदाराला माहीत. विसाव्यावर विश्वास आहे तर दुपारी दोन तास खरंच मोकळे सोडा.

लेकरांना प्रभु जवळ घेतो असं मानता तर त्यांची सुरक्षितता हा विश्वासाचाच भाग आहे, मत्तय १८ पुन्हा वाचा. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटा नको, समुपदेशन उघड्यावर, इतरांना दिसेल असं. पालकांची लेखी संमती, औषधांची यादी, जवळचा डॉक्टर कोण ते आधी ठरलेलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळला तर तो पोलिसांना कळवावाच लागतो, मंडळीचं नाव खराब होईल म्हणून आतल्या आत मिटवायचं नाही. हे लीडर ट्रेनिंगमधे वाचून सगळ्यांच्या सह्या घ्या.

आणि शेवटची रात्र. शेकोटी, हळू गाणं, दमलेली पोरं, मग वक्ता म्हणतो, हात वर करा, पुढं या. एक मुलगी आमच्याकडे सलग तीन वर्षं रडत पुढं आली. तिसऱ्या वर्षी मी तिच्याजवळ बसले तेव्हा ती म्हणाली, ताई, मागच्या दोन वेळी घरी गेल्यावर कोणीच काही विचारलं नाही, म्हणून वाटलं माझं झालंच नसेल. मला अजून ते वाक्य टोचतं. पवित्र आत्मा मन बदलतो असं आपण लिहितो ना, मग त्याच्यावर सोडा. आता आम्ही आवाहन चौथ्या दिवशी सकाळी करतो, झोप झालेली असताना, दिवसाउजेडी. हात मोजत नाही, आकडा कुठं छापत नाही, आणि ज्याला बोलायचंय त्याचं नाव त्याच्या पाळकांना कळवतो, पुढचे तीन महिने दर आठवड्याला एक फोन. हे जमणार नसेल तर आवाहन करूच नका.

ख्रिस्ती नसलेले मित्रमैत्रिणीही येतात, आनंद आहे. त्यांच्या आईवडिलांना आधीच स्पष्ट कळवा की हा ख्रिस्ती कॅम्प आहे, रोज बायबल शिकवतो, प्रार्थना असते, प्रार्थनेत बसायची सक्ती नाही, आणि पालकांना न कळवता मुलाच्या बाबतीत धर्माचा कुठलाही निर्णय घेतला जाणार नाही. खेळाला बोलावलं आणि पोचल्यावर कळलं असं होता कामा नये. खोटं बोलून सुवार्ता सांगता येत नाही.

राहिलं छपाईचं. ध्येय आणि विश्वास मिळून एका पानाच्या वर जाऊ देऊ नका, कॅम्पच्या दोन आठवडे आधी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवा. वक्त्यालाही तोच कागद पाठवा, त्याचे विषय त्यातनंच यायला हवेत. कॅम्पवर एक प्रत जेवणाच्या हॉलच्या दाराला लावा, शेजारी टाइमटेबल, आणि दोन्ही प्लास्टिकच्या कव्हरात घाला, वळवाचा पाऊस आला की उघड्या कागदावरची शाई तासाभरात पसरते.