मानसिक लक्षणे सांगताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणारे नातेवाईक पुष्कळदा ‘डोक्यावर परिणाम झालाय’ किंवा ‘भ्रमिष्टासारखं करतोय’ एवढेच सांगून थांबतात, आणि नेमके काय घडते ते डॉक्टरांना खोदून खोदून विचारावे लागते.

सर्वांत जास्त नडते ती भास आणि भ्रम यांची सरमिसळ. कोणी नसताना आवाज ऐकू येणे किंवा माणसे दिसणे हा भास, म्हणजे इंद्रियांचा अनुभव. भ्रम ही पुराव्यानेही न हलणारी चुकीची समजूत असते. शेजारी शिव्या देताना ऐकू येतो, पण तिथे कोणीच नसते, तर तो भास. तोच शेजारी जेवणात विष कालवतो असा काहीही आधार नसताना ठाम विश्वास बसला, तर तो भ्रम. (दोरीला साप समजणे या दोहोंत बसत नाही, कारण तिथे दोरी खरीच असते.) करणीची समजूत घरादाराची आणि गावाचीही असेल, तर तेवढ्यावरून तिला भ्रम म्हणत नाहीत, मांढरदेवीच्या यात्रेत अंगात येणे हाही आपोआप आजार ठरत नाही.

दुसरी चूक मात्र जिवावर बेतू शकते. रोज दारू पिणारा माणूस हाड मोडून दवाखान्यात भरती होतो, दारू एकदम बंद पडते आणि दोन-चार दिवसांत त्याला भिंतीवर किडे दिसू लागतात, हात थरथरतात, दिवस-रात्र कळेनाशी होते. तेव्हा ‘वेड लागलं’ म्हणून मानसोपचाराच्या तारखेची वाट न पाहता तेथील डॉक्टरांना लगेच बोलवावे आणि दारू शेवटची कधी घेतली ते लपवू नये. वृद्धांमध्ये असा अचानक गोंधळ साध्या मूत्रसंसर्गानेही होतो.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्यात असे भास-भ्रम होतात तो मानसिक आजार, हा एका देहात दोन व्यक्ती असण्याचा प्रकार नव्हे. १९०८ मध्ये स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी योजलेल्या या ग्रीक शब्दात ‘दुभंगणे’ आहे खरे, पण ते विचार, भावना यांच्या विस्कटलेल्या मेळाचे.

नैराश्याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये. उदासी किंवा कशातच रस न वाटणे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, किमान दोन आठवडे टिकले असेल, तर झोप आणि भूक यांच्यासह ते तारखेनिशी सांगावे. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते मनात शिरत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.