विकीवरच्या कोडला रंग: साधन कोणतं घ्यावं आणि कसं बसवावं

कुपवाड एमआयडीसीतल्या मशीन शॉपला सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे, प्रोग्रॅम विकीवर ठेवायचे असतात. विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना लॅबचे प्रोग्रॅम एका जागी जमवायचे असतात. दोन्हीकडे आधी कोड साध्या काळ्या अक्षरांत पडतो. मग कुणीतरी विचारतं, एडिटरमध्ये दिसतो तसा रंगीत का दिसत नाही? आणि शोध सुरू होतो तो थेट थीमचा, गडद घ्यावी की उजळ घ्यावी याचा. थीम कधीही बदलता येते, तिची घाई नको. आधी दोन गोष्टी ठरवा. रंग चढवायचं काम सर्व्हर करणार की वाचणाऱ्याचा ब्राउझर, ही एक. उद्या साधन बदललं तर पानं पुन्हा लिहायला न लागता चालतील का, ही दुसरी.

सर्व्हरवर की ब्राउझरमध्ये

सर्व्हरवर काम करणाऱ्यांत पिगमेंट्स, गेशी आणि रूज ही मुख्य नावं. पिगमेंट्स पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि त्याला पाचशेहून जास्त भाषा कळतात. गेशी निव्वळ पीएचपीत आहे, रूज रूबीत. पान पहिल्यांदा तयार होताना कोड रंगतो, तयार पान कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहतं आणि पुढच्या वाचकाला तेच मिळतं. त्यामुळे सर्व्हर साधा असला तरी चालतं, जुन्या मोबाइलवर ताण येत नाही आणि छापतानाही रंग पानावरच असतात.

ब्राउझरमध्ये काम करणारी दोन साधनं जास्त वापरात आहेत, प्रिझम आणि हायलाइट.जेएस. सर्व्हरवर काहीही बसवावं लागत नाही, पण पान उघडलं की प्रत्येक वेळी कोड नव्याने रंगवला जातो. पन्नास ओळींना काही जाणवत नाही. एकाच पानावर सात-आठशे ओळी असतील तर स्वस्त मोबाइल अडखळतो.

तुम्ही विकीसाठी जे सॉफ्टवेअर वापरता (मीडियाविकी, डोकुविकी वगैरे) त्यात बहुधा काहीतरी आधीच असतं. मीडियाविकीबरोबर सिंटॅक्सहायलाइट हे एक्स्टेन्शन १.२१ आवृत्तीपासून येतं, आणि २०१५ मधल्या १.२६ पासून ते गेशी सोडून पिगमेंट्सवर चालतं. डोकुविकीत गेशी आतच आहे. विकी.जेएसच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रिझम, बुकस्टॅकमध्ये कोडमिरर, गॉलममध्ये रूज. जे आत आहे तेच आधी वापरून पाहा. बाहेरचं साधन जोडलं की विकीच्या प्रत्येक अपग्रेडला ते पुन्हा तपासायचं काम कायमचं मागे लागतं. त्यामुळे बदल करायचा तर सबळ कारण हवं: तुमची भाषा त्यात नाही, किंवा होस्टिंगवर ते चालतच नाही.

होस्टिंगची अट मीडियाविकीला नेमकी अडते. पिगमेंट्स चालवायला पीएचपीला बाहेरचा प्रोग्रॅम सुरू करावा लागतो. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर प्रॉक-ओपन हे फंक्शन बऱ्याचदा बंद ठेवलेलं असतं आणि पायथन ३ असेलच असं नाही. म्हणून होस्टिंग घेण्याआधी त्यांना हे दोनच प्रश्न विचारा: प्रॉक-ओपन चालू आहे का, आणि पायथन ३ आहे का. उत्तर नाही असेल तर डोकुविकी घ्या. तिला डेटाबेसही लागत नाही आणि गेशीला पीएचपीशिवाय काही लागत नाही. पाच-दहा माणसांच्या वर्कशॉपला ती पुरून उरते.

भाषांची यादी स्वतःच्या कामावरून करा

साधनाच्या जाहिरातीतला भाषांचा आकडा बाजूला ठेवा. तुमच्या विकीवर खरोखर येणाऱ्या भाषा कागदावर लिहा. कॉलेजच्या विकीला सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, एसक्यूएल, मॅटलॅब, व्हेरिलॉग आणि व्हीएचडीएल पुरतात, आणि या भाषा सगळ्या मोठ्या साधनांत आहेत. अडतं ते ८०५१ किंवा ८०८५ च्या असेंब्लीला. तिच्यासाठी दुसऱ्या प्रोसेसरच्या असेंब्लीचं नाव देऊन वेळ मारून नेऊ नका. निम्म्या सूचनांना रंग लागतो, निम्म्या तशाच राहतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं की बिनरंगाची सूचना चुकली आहे. त्यापेक्षा साधा मजकूर म्हणून ठेवलेला बरा.

मशीन शॉपची गरज वेगळी. जी-कोड, म्हणजे सीएनसी यंत्राला सूचना देणारी भाषा, प्रिझम आणि हायलाइट.जेएस दोन्हींत आहे. पिगमेंट्सच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र तो नाही, म्हणजे जुनी मीडियाविकी असेल तर आधी एक्स्टेन्शनमधली आवृत्ती पाहा. पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या भाषेसाठी प्रिझममध्ये आयईसीएसटी या नावाने सोय आहे. पीएलसीचं काम जास्त असेल तर एवढ्या एका कारणासाठी प्रिझम निवडायला हरकत नाही. लॅडर डायग्राम हे चित्र आहे, त्याला ही साधनं लागू पडत नाहीत. त्याचा स्क्रीनशॉट लावा.

भाषेचं नाव प्रत्येक तुकड्याला स्वतः द्या. हायलाइट.जेएस नाव नसलं तर भाषा ओळखायचा प्रयत्न करतं, पण तीन-चार ओळींच्या तुकड्यावर ते सहज फसतं, आणि एसक्यूएलच्या ओळीला भलतेच रंग लागतात. प्रिझम असं काही ओळखतच नाही. नाव नसेल तर ते कोडला हात लावत नाही.

नावं अशी निवडा की उद्या साधन बदललं तरी ती चालतील. सी प्लस प्लससाठी सीपीपी, सी शार्पसाठी सीशार्प, शेलसाठी बॅश, आणि लॉग किंवा साध्या मजकुरासाठी टेक्स्ट, ही नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, पिगमेंट्स, गेशी, प्रिझम आणि हायलाइट.जेएस या चौघांनाही कळतात. ही यादी विकीच्या मदतपानावर टाका आणि सगळ्यांनी तीच वापरायची असं ठरवून घ्या. तसंच कुणी एडिटरमधून रंगांसकट एचटीएमएल उचलून पानात चिकटवत असेल तर त्याला लगेच थांबवा. तो कोड पुढे ना नीट बदलता येतो, ना शोधात सापडतो, ना दुसऱ्या साधनाला कळतो.

मीडियाविकीत बसवताना

लोकलसेटिंग्ज फाइलमध्ये डब्ल्यूएफ-लोड-एक्स्टेन्शनची एक ओळ घालायची. इथे पहिली ठेच लागते. एक्स्टेन्शनच्या फोल्डरच्या नावात अंडरस्कोअर आणि गेशी हा जुना शेपटीचा भाग अजून आहे, आणि लोड करताना ते पूर्ण नावच द्यावं लागतं. नुसतं सिंटॅक्सहायलाइट लिहिलं तर विकी त्या नावाची फाइल शोधते, ती मिळत नाही आणि सगळी साइट एरर दाखवते.

दुसरी ठेच परवानगीची. एक्स्टेन्शनच्या आत पिगमेंट्सच्या फोल्डरमध्ये पिगमेंटाइझ नावाची फाइल असते. ती चालवता यायला हवी, म्हणजे सीएचमॉड ७५५. एफटीपीने फाइली चढवल्या की ही परवानगी हमखास उडते, आणि अपग्रेडनंतर पुन्हा उडते. सर्व्हरवर आधीच नवं पिगमेंट्स असेल तर डब्ल्यूजी-पिगमेंटाइझ-पाथ या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता द्या, नव्या भाषाही त्यामुळे मिळतात. परवानगी बरोबर असूनही रंग येत नसतील तर डब्ल्यूजी-मॅक्स-शेल-मेमरी ही मर्यादा वाढवून पाहा. पायथनला सुरू व्हायलाच मेमरी अपुरी पडत असते.

बिघाड झाला तरी पान बंद पडत नाही. कोड बिनरंगाचा दिसतो आणि पान सिंटॅक्स हायलायटिंगच्या चुका असलेल्या वर्गात जातं. विशेष पानांमधल्या ट्रॅकिंग वर्गांच्या यादीतून तो वर्ग उघडा. तिथे एक-दोनच पानं असतील तर भाषेचं नाव चुकलंय किंवा द्यायचंच राहिलंय. कोड असलेली सगळी पानं असतील तर पिगमेंट्स चालतच नाही.

कोड सिंटॅक्सहायलाइट या टॅगमध्ये लिहायचा आणि टॅगला लँग हा गुणधर्म द्यायचा, त्यात भाषेचं नाव. ओळींना क्रमांक हवे असतील तर लाइन, क्रमांक मधूनच सुरू करायचे असतील तर स्टार्ट, एखादी ओळ ठळक दाखवायची असेल तर हायलाइट, आणि वाक्याच्या मध्ये छोटा तुकडा हवा असेल तर इनलाइन. शंभर केबीपेक्षा मोठा किंवा हजार ओळींपेक्षा लांब कोड हे एक्स्टेन्शन रंगवत नाही, म्हणून मोठी फाइल जोडून द्या आणि पानावर कामाचाच भाग ठेवा. साच्यातून (टेम्प्लेटमधून) कोड पाठवायचा असेल तर थेट टॅग वापरून भागत नाही, कारण आतले साच्याचे पॅरामीटर उलगडत नाहीत. तिथे हॅश-टॅग हे पार्सर फंक्शन वापरा.

होस्टिंगमुळे पिगमेंट्स शक्यच नसेल आणि मीडियाविकी सोडायची नसेल, तर प्रिझम जोडता येतं. प्रिझम हे ‘कोड’ नावाचा एचटीएमएल टॅग शोधतं. मीडियाविकी प्री टॅगच्या आतलं सगळं साधा मजकूर मानते, म्हणून तिथे कोड टॅग लिहूनही उपयोग होत नाही. उपाय असा: लेखकांनी प्री टॅगला लँग्वेज, मग आडवी रेघ, मग भाषेचं नाव असा क्लास द्यायचा. कॉमन.जेएसमध्ये पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट लिहायची, जी अशा प्रत्येक प्रीमधला मजकूर कोड टॅगमध्ये गुंडाळून त्यावर प्रिझम चालवेल. हे पान फक्त इंटरफेस प्रचालकांना बदलता येतं. प्रिझमच्या फाइली मात्र स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. सीडीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या बाहेरच्या सर्व्हरवरून, घेतल्या तर वर्कशॉपच्या किंवा लॅबच्या बंद लॅनवर रंग येणारच नाहीत, आणि नेट गेल्यावर विकी चालू असूनही मुलं म्हणतील की विकी बिघडली.

मराठी कॉमेंट असतील तर

कोडमध्ये मराठी कॉमेंट लिहायला हव्यात, शिकणाऱ्याला त्या खूप मदत करतात. पण साधनं करणाऱ्यांनी देवनागरी डोळ्यांसमोर ठेवलेली नसते, ते तपासणं आपल्याकडे येतं.

कोडसाठीच्या बहुतेक समान रुंदीच्या फॉन्टांत देवनागरी नसते. मग ब्राउझर मिळेल तो फॉन्ट घेतो, आणि ओळी दाटीवाटीच्या असतील तर वरची वेलांटी आणि खालचे उकार शेजारच्या ओळीला भिडतात. स्टाइलशीटमध्ये आधी समान रुंदीचा फॉन्ट, त्याच्यामागे नोटो सान्स देवनागरी असा क्रम द्या आणि ओळीची उंची १.६ च्या आसपास ठेवा. बऱ्याच थीम कॉमेंट तिरप्या करतात. देवनागरीला तिरपा फॉन्ट बहुधा नसतो, ब्राउझर अक्षरं ढकलून तिरपी करतो आणि जोडाक्षरं वाचवत नाहीत. कॉमेंटच्या क्लासला फॉन्ट-स्टाइल नॉर्मल करा.

प्रिझमचे ओळ क्रमांक वापरताना एक वेगळा घोळ होतो. ते क्रमांक बाजूच्या स्वतंत्र पट्टीत असतात. मराठी असलेली ओळ दुसऱ्या फॉन्टमुळे एखाद्या पिक्सेलने उंच झाली की चाळीसाव्या ओळीपर्यंत क्रमांक आणि ओळ यांची फारकत झालेली दिसते. मीडियाविकीत प्रत्येक क्रमांक त्या त्या ओळीलाच बांधलेला असल्याने तिथे असं होत नाही. मराठी कॉमेंटही भरपूर आणि क्रमांकही हवेतच, अशी गरज असेल तर सर्व्हरवरचं साधन घ्या.

जुन्या फाइलींतल्या कॉमेंट युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधल्या असतील तर पानावर त्या रोमन चिन्हांचा गुंता होऊन येतात. त्यात रंगाच्या साधनाचा दोष नाही. कन्व्हर्टरने त्या आधी युनिकोडमध्ये आणा, मग पानावर टाका. आणि रंग लागला म्हणजे कोड बरोबर आहे असंही धरू नका. ही साधनं अक्षरांचे नमुने ओळखतात, प्रोग्रॅम चालतो का हे पाहत नाहीत. आकडे देवनागरीत लिहिले तर पायथन ते थेट नाकारतो, पण पानावर कोड रंगीत दिसतच राहतो.

ठरवण्याआधीचं चाचणीपान

तीसेक ओळींचा तुमचाच एक प्रोग्रॅम घ्या. त्यात मराठी कॉमेंट, मराठी स्ट्रिंग, दीडशे अक्षरांची एक लांब ओळ, टॅबने सरकवलेला भाग, अनेक ओळींची कॉमेंट, आणि लहान-मोठ्याची व अँपरसँडची चिन्हं असू द्या. पान सेव्ह करून कोड तिथूनच कॉपी करा आणि चालवून पाहा. ओळ क्रमांकही कॉपी होत असतील किंवा टॅब आणि स्पेसची सरमिसळ होत असेल तर पायथन लगेच तक्रार करेल. ते साधन किंवा ती सेटिंग बाद. मग पान मोबाइलवर उघडा. लांब ओळ आपल्याच चौकटीत सरकली पाहिजे, सगळं पान आडवं सरकायला नको.

शेवटी कृष्णधवल प्रिंट काढा. मुलं हीच पानं झेरॉक्सवर काढून जर्नलला लावतात, आणि फिकट राखाडी कॉमेंट कागदावर दिसतच नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ ठेवा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये तो मोजता येतो. छपाईसाठीच्या स्टाइलशीटमध्ये गडद पार्श्वभूमी काढून टाका.

सेटिंग बदलूनही जुनं पान तसंच दिसलं तर आधी कॅश रिकामी करा. मीडियाविकीत पत्त्याच्या शेवटी ॲक्शन बरोबर पर्ज, डोकुविकीत पर्ज बरोबर ट्रू. जुन्या मीडियाविकीतून आलेल्या पानांवर सोर्स हा जुना टॅग असेल तर रिप्लेस टेक्स्ट एक्स्टेन्शनने त्याजागी सिंटॅक्सहायलाइट करून घ्या, सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही टॅग. आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि एकाच पानावर करून पाहा.