यूकेत युनिव्हर्सिटीत अकॅडमिक इंग्लिश शिकवायचंय? मग हे आधी वाचा

एमए इंग्लिश झालंय, तिकडे पुण्याला नाहीतर कोल्हापूरला कॉलेजात काही वर्षं शिकवलंय, आता डिपेंडंट व्हिसावर इकडे आलोय, तर युनिव्हर्सिटीत शिकवता येईल का असं बरेच जण विचारतात. येतं की! फक्त अर्ज इंग्लिश डिपार्टमेंटला न करता लँग्वेज सेंटरला करा. मास्टर्सची ऑफर आहे पण आयेल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेत थोडे मार्क कमी पडलेत अशा मुलांसाठी उन्हाळ्यात प्री-सेशनल कोर्स असतात, बऱ्याच ठिकाणी 6 किंवा 10 आठवड्यांचे, आणि तेव्हा तात्पुरते शिक्षक घेतात. जाहिराती वर्षाच्या सुरुवातीपासूनच यायला लागतात, जॉब्स डॉट एसी डॉट यूके आणि अकॅडमिक इंग्लिश शिकवणाऱ्यांची संघटना बालेअॅप हिची साइट बघत राहा, मे उजाडेपर्यंत थांबू नका. आपली डिग्री इथल्या कुठल्या डिग्रीच्या बरोबरीची आहे याचं यूके एनिक या संस्थेकडून स्टेटमेंट काढून ठेवा. सेल्टा, म्हणजे इंग्लिश शिकवण्याचं केंब्रिजचं सर्टिफिकेट, नसेल तर करून टाका, 120 तासांचा कोर्स आहे, त्यातले 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि मागे बसून कोणीतरी बघत असतं, साहित्य शिकवून आलेल्यांना याचा फार उपयोग होतो.

आता वर्गाचं. पंधरा-सोळा मुलं, सगळी तुम्हाला नावाने हाक मारणार, सर-मॅडम नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे आपण उभं राहून समजावतो, नोट्स देतो, मुलं उतरवतात, इथे तसं केलंत तर तास वाया गेला समजा. लेख मुलांनी वाचायचा आणि प्रश्नही त्यांनीच विचारायचे, हा लेखक हे कशाच्या जोरावर म्हणतोय, किती लोकांना विचारून म्हणतोय, कोणाचं म्हणणं त्याने सोडून दिलंय. सुरुवातीला वर्ग गप्प बसतो. बसू द्या, घाईघाईने उत्तर सांगून टाकू नका.

लिखाणात खरी मेहनत एकेका वाक्यावर असते. समजा मुलीने लिहिलंय, 'सोशल मीडियामुळे विद्यार्थ्यांची एकाग्रता नष्ट होते.' व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, आपण तिकडे टिक करून पुढे गेलो असतो. इथे तिच्या शेजारी बसायचं आणि विचारायचं, सगळ्यांची? कोणी सांगितलं? त्या अभ्यासात नक्की काय मोजलं होतं? मग ती स्वतःच 'अमक्याच्या अभ्यासानुसार काही विद्यार्थ्यांची एकाग्रता कमी होत असावी' इथपर्यंत येते, आणि मला विचाराल तर अख्ख्या कोर्समधलं सगळ्यात मोलाचं शिकणं हेच. असे वाक्प्रयोग लागतात तेव्हा मँचेस्टर युनिव्हर्सिटीची अकॅडमिक फ्रेजबँक मुलांना दाखवा, फुकट आहे, पण आधी विचार आणि मग फ्रेज, नाहीतर निबंधभर तीच साच्यातली वाक्यं येतात.

मजकूर दुसरीकडच्याशी किती जुळतो ते दाखवणारं टर्निटिन नावाचं सॉफ्टवेअर असतं, त्याचा आकडा बघून लगेच चोरी ठरवू नका. रेफरन्स लिस्ट आणि कोट केलेली वाक्यंसुद्धा त्यात मोजलेली असू शकतात, म्हणून रिपोर्ट उघडून रंगवलेला भाग स्वतः वाचा. बरीच मुलं अशा ठिकाणाहून आलेली असतात जिथे पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं की मार्क मिळायचे, आपण त्यातूनच आलोय, त्यामुळे त्यांना दम देण्यापेक्षा मूळ परिच्छेद झाकून स्वतःच्या शब्दांत सांगायला लावणं आपल्याला जास्त चांगलं जमतं.

मार्कांचं एक लक्षात ठेवा, मास्टर्सला साधारण 50 ला पास आणि 70 ला डिस्टिंक्शन, 62 म्हणजे चांगलं काम. तपासणी सुरू व्हायच्या आधी स्टँडर्डायझेशनची मीटिंग असते, सगळे तेच निबंध तपासून मार्क ताडून बघतात, तिथे नवीन आहोत म्हणून गप्प बसू नका, मार्क का दिले ते बोला.

आणि सही करण्याआधी काँट्रॅक्ट नीट वाचा. तासाच्या रेटमध्ये तयारी आणि तपासणी धरलीय का, सुट्टीचा पगार त्यातच आहे का, सप्टेंबरनंतर इन-सेशनलचे, म्हणजे टर्म चालू असतानाच्या इंग्लिश वर्गांचे तास मिळू शकतात का, हे सगळं सरळ ईमेलवर विचारा, इथे असं विचारलेलं कोणाला खटकत नाही.