वैयक्तिक ब्लॉग सुरू करण्याचे ठरवताना या चुका टाळा

वैयक्तिक ब्लॉग का बंद पडला, याचे कारण बहुतेक वेळा तो सुरू होण्याआधीच्या आठवड्यात सापडते. त्या आठवड्यात नाव ठरते, थीम तीनदा बदलून होते, बोधचिन्हाचे नमुने तयार होतात आणि ओळखीच्या सर्वांना कळवूनही होते; लेख मात्र एकच लिहिलेला असतो आणि त्याचे शीर्षक ‘मी ब्लॉग का सुरू करत आहे’ असे असते. दुसरा लेख दोन महिन्यांनी येतो आणि ‘बरेच दिवस लिहिणे झाले नाही, त्याबद्दल क्षमस्व’ या वाक्याने सुरू होतो. माझ्या पहिल्या ब्लॉगवर नेमके हे दोनच लेख होते.

लिहिण्याची इच्छा आणि स्वतःचा ब्लॉग असावा ही इच्छा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली गल्लत हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आपली इच्छा कोणती आहे हे तपासण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. कोठेही खाते न उघडता आणि कोणालाही न सांगता पाच लेख एखाद्या साध्या फाइलमध्ये पूर्ण लिहून काढावेत. पूर्ण म्हणजे शीर्षकासह, दोनदा वाचून दुरुस्त केलेले. नुसते मुद्दे नव्हेत. पहिला लेख उत्साहात होतो, दुसरा आधीपासून मनात असतो. खरी परीक्षा तिसऱ्याला लागते. तिथे विषयच सुचेना, तर आपण विषय फार मोठा धरला आहे असे समजावे, कारण मोठ्या विषयावर सांगण्यासारखे सगळे एका लेखातच सांगून संपते. ‘बागकामाचा आनंद’ या लेखानंतर काय लिहायचे, हे कोणालाच सुचणार नाही. पण ‘कुंडीतली माती पाणी घातल्यावर दगडासारखी का होते’ असे लिहायला घेतले, की कोकोपीट, निचऱ्याचे छिद्र, मुळांची गर्दी असे पुढचे चार लेख त्यातूनच बाहेर पडतात. विषय भरपूर आहेत पण लेख पूर्णच होत नाहीत, अशी अडचण असेल तर ती वेगळी. ती बहुधा वाचक ठरवलेला नसल्यामुळे येते. अशा वेळी ओळखीची एकच व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून लिहावे. तिला काय ठाऊक आहे आणि काय समजावून सांगावे लागेल हे कळते, आणि लेख कोठे थांबवायचा तेही कळते.

ब्लॉगला मराठीत ‘अनुदिनी’ असा सुरेख शब्द आहे, पण त्यातला ‘अनुदिन’ अनेकांनी फार मनावर घेतलेला दिसतो. रोज किंवा दर सोमवारी लिहीन असे पहिल्याच लेखात जाहीर करू नये. वाचकांनी ते मागितलेले नसते; आणि दोन सोमवार चुकले की तिसऱ्या सोमवारी आपल्यालाच ब्लॉग उघडण्याची लाज वाटू लागते. वेळापत्रक हवेच असेल तर ते स्वतःपुरते ठेवावे आणि दोन तयार लेख नेहमी हाताशी असू द्यावेत.

नावाच्या बाबतीत एवढेच, की त्यात सध्याचे वय, नोकरी किंवा चालू वर्ष गुंफू नये. पत्त्याचा विचार मात्र नीट करावा. ब्लॉग उभारून देणारी ब्लॉगर ही सेवा 1999 मध्ये आणि वर्डप्रेस 2003 मध्ये सुरू झाली. दोन्ही आजही चालू आहेत आणि सुरुवातीला त्यांचा मोफत पत्ता पुरेसा असतो. तरीही ते दुसऱ्याच्या जागेवरचे घर असते. वैयक्तिक पानांसाठी एके काळी अतिशय लोकप्रिय असलेली जिओसिटीज ही मोफत सेवा 2009 मध्ये बंद झाली, तेव्हा तिथले पत्तेही तिच्याबरोबर गेले. स्वतःचे डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, घेतल्यास सेवा बदलता येते आणि पत्ता तोच राहतो. फक्त डोमेन विकत मिळत नाही, मुदतीने मिळते, हे विसरू नये. नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते तो पत्ता रोजच्या वापरातला असावा.

मराठीत लिहिणाऱ्यांना हमखास भेटणारी एक अडचण दुव्याची आहे. वर्डप्रेसमध्ये ‘पहिला पाऊस’ असे शीर्षक दिले, की दुवाही आपोआप देवनागरीत तयार होतो आणि ब्राउझरमध्ये छान दिसतो. तोच संदेशात चिकटवला, की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. यूटीएफ-8 या संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि दुव्यात प्रत्येक बाइटची तीन रोमन चिन्हे होतात. या शीर्षकात काना आणि वेलांटी धरून नऊ देवनागरी चिन्हे आहेत. त्यांची 81 आणि मधली आडवी रेघ धरून 82 रोमन चिन्हे होतात. वर्डप्रेसमध्ये दुव्याच्या या भागाला 200 चिन्हांची मर्यादा असल्याने बाविसेक देवनागरी चिन्हांनंतर लांब शीर्षक मध्येच कापले जाते. उपाय सोपा आहे: लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी दुव्याच्या चौकटीत रोमन लिपीतले दोन-तीन शब्द लिहावेत. नंतर बदल केल्यास लोकांनी आधी पाठवलेले दुवे तुटण्याची शक्यता राहते. युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षरपद्धती रुळण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमधले लेखन थेट चिकटवल्यास निरर्थक अक्षरे उमटतात. ते आधी रूपांतरित करून घ्यावे आणि नंतर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत, कारण रफार आणि ‘ऱ्या’ येथे रूपांतरक हमखास चुकतात.

ब्लॉग गूगलवर दिसत नाही, अशी तक्रार नेहमी येते. नव्या संकेतस्थळाला कित्येक दिवस, कधी काही आठवडेही लागतात, त्यामुळे लगेच घाबरण्याचे कारण नाही. वर्डप्रेसवर मात्र ‘सेटिंग्ज’मधील ‘रीडिंग’ या पानावर शोधयंत्रांना दूर ठेवण्याची एक चौकट असते. ब्लॉग उभारताना तिच्यावर खूण केली जाते आणि पुढे ती काढायची राहून जाते. प्रथम ती पाहावी.

इतरांविषयी लिहिताना होणारी चूक सहसा दुरुस्त करता येत नाही. नाव वगळले म्हणजे ओळख झाकली, असे अनेकांना वाटते. पण ‘माझी धाकटी जाऊ’ असे लिहिल्यावर ती कोण हे साऱ्या नात्यागोत्याला कळतेच. लेख नंतर काढून टाकला तरी वाचकांना ईमेलने गेलेली प्रत परत येत नाही, आणि संकेतस्थळांची पाने जतन करणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हने पान आधीच टिपून ठेवलेले असू शकते. म्हणून ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला मसुदा आधी वाचायला द्यावा. देण्याचे धैर्य होत नसेल, तर तो लेख वहीतच बरा. मोबाइलच्या छायाचित्रात घराचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात, तेही अपलोड करण्यापूर्वी काढावेत.

आणि राखीव प्रत. वर्डप्रेसमधून निर्यात होणारी एक्सएमएल फाइल हाती आली, की सर्व काही सुरक्षित झाले असा समज होतो. त्या फाइलमध्ये लेख आणि प्रतिक्रिया असतात. छायाचित्रांचे मात्र फक्त पत्ते असतात. जुने संकेतस्थळ बंद केल्यावर ती फाइल दुसरीकडे चढवली, तर मजकूर येतो आणि चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. त्यामुळे छायाचित्रांचे फोल्डर स्वतंत्रपणे उतरवून घ्यावे आणि जुने खाते त्यानंतरच बंद करावे.