जुन्या गोव्याचा तुटका टॉवर: टॅक्सी सोडा, दिवाडीवरनं चालत या

जुन्या गोव्यात बहुतेक जण टॅक्सीतनं उतरतात, बाँ जेझूसचं चर्च, समोरचं से कॅथेड्रल, एक लिंबूसोडा आणि परत. सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चचा टॉवर राहूनच जातो, आणि खरं सांगायचं तर तिथली बघण्यासारखी जागा तीच.

माझा रूट असा. सकाळी लवकर पणजीहून बसनं रायबंदर, तिथनं फेरीबोटीनं दिवाडी बेट. पलीकडे उतरलं की दोन्ही बाजूंना खाजणं (बांध घातलेली खाऱ्या पाण्याकाठची शेतं) आणि खारफुटी, रस्ता सपाट पण सावली जवळपास नाही, त्यामुळे टोपी आणि पाणी घ्याच. मूळचं सप्तकोटेश्वराचं देऊळ ह्याच बेटावर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं, मग देव पलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. बेटावरच्या पिएदादच्या टेकडीवर चढून नदीपलीकडे बघा, मग खाली येऊन दुसरी फेरीबोट पकडा, ती थेट जुन्या गोव्याच्या धक्क्याला लागते. पुढे व्हाइसरॉयच्या कमानीखालनं आत, कॅथेड्रल आणि बाँ जेझूसपर्यंत सरळ, आणि तिथनं पश्चिमेला टेकडीवर जाणारा चढ, दहाएक मिनिटांचा.

वर पोचलात की एवढंच उरलंय का असं वाटेल. सेंट ऑगस्टिनचं हे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं, दर्शनी भागाला दोन टॉवर होते, आता एकाचाच अर्धा भाग उभा आहे, तोही ४६ मीटर! १८३५ ला पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघ बंद केले, इमारत ओस पडली, १८४२ ला छत कोसळलं, १९३१ ला दर्शनी भिंत आणि टॉवरचा निम्मा भाग गेला. सगळं जांभ्याचं काम, गिलावा गेला की पाऊस खातोच त्याला.

फोटो काढून झाला की मान खाली घाला प्लीज. जमिनीत कोरलेल्या थडग्यांच्या फरश्या आहेत, कुठे कुठे भिंतीवर जुन्या टाइल्स. जॉर्जियाच्या केतेवान राणीला १६२४ मध्ये इराणात शिराझला मारलं, तिचे अवशेष ऑगस्टिनियन पाद्र्यांनी इथे आणून ठेवले होते. पुरातत्त्व खात्याला खोदकामात हाड सापडलं, हैदराबादच्या लॅबमध्ये डीएनए तपासला, आणि २०२१ मध्ये अवशेषांचा एक भाग भारतानं जॉर्जियाला दिला.

भिंतींवर चढू नका. पावसाळ्यात शेवाळावरनं मी एकदा सपशेल आपटलोय, नुसती चप्पल घालून गेलेलो, चूक माझीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, फक्त ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्टच्या आसपास तुफान गर्दी असते, तेव्हा टाळा.

परत जाताना पणजीच्या त्या पांढऱ्या, जिन्यांच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चसमोर थांबा. वरची मोठी घंटा ह्याच टॉवरमधली, १८७१ साली तिथे बसवलेली.